पदूभाऊंची चौकट

पदूभाऊ राऊत वडापाव सुटा करून खातात. पाव एका कागदावर, वडा दुसऱ्या कागदावर, चटणी तिसऱ्यावर. मग वड्याचं कवच सोलून ते चौथ्या कागदावर ठेवतात आणि आतल्या भाजीकडे, चोरीचा मुद्देमाल सापडल्यासारखे, समाधानाने बघतात. बोईसर स्टेशनबाहेर रामाश्रयची गाडी आहे. शिफ्टच्या बसेस सुटायच्या वेळी तिथे अशी झुंबड असते की तोंडापर्यंत नेलेला वडा आपल्याच तोंडात जाईल याची खात्री नसते. त्या झुंबडीतही पदूभाऊ दिसले की रामाश्रय आरोळी ठोकतो, “हटो भाई, राऊत साब का ऑपरेशन है.” गर्दी दुभंगते. जुने कामगार नव्या कामगारांना हळू आवाजात माहिती देतात.

“भाऊ, एकत्र खाल्लं तर काय बिघडतं?” मी एकदा विचारलं.

“आत काय हाय ते कळाय नको?”

“वड्यात बटाटा असतो, भाऊ. माझ्या आजोबांच्या वेळेपासून बटाटाच आहे.”

“म्हणून आज पण असंल, असं कोणी लिहून दिलंय तुला?”

पोटात काही लपवणाऱ्या पदार्थांशी त्यांचं पिढीजात वैर आहे. भरलं वांगं, पुरणपोळी, करंजी, भरलेलं पापलेट यांतलं काही ताटात आलं की ते आधी उकलतात, सारण डावीकडे, कवच उजवीकडे, आणि मग जेवतात. गणेश चतुर्थीला त्यांनी नैवेद्याचा मोदक फोडून खोबरं वेगळं केलं तेव्हा गणपतीने तोंड फिरवलं, असं त्यांचे शेजारी सांगतात. मी तिथे नव्हतो. पण शेजारी शपथेवर सांगतात, आणि एवढ्या माणसांची शपथ मोडणारा मी कोण?

“एका खणात एकच.” हे त्यांचं ब्रीद. पँटच्या एका खिशात किल्ली, दुसऱ्यात रुमाल, मागच्या खिशात पैसे, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर. खिसे संपले, म्हणून त्यांचा मोबाईल माझ्या खिशात असतो. त्यामुळे त्यांना आलेला प्रत्येक फोन आधी मला येतो. त्यांची मुलगी वैशाली पुण्याला असते, तिने “बाबा” म्हटलं की मी “थांब हं, देतो” म्हणतो. सुरुवातीला तिला वाटायचं बाबांचा आवाज बसलाय.

आता आमचा संबंध सांगतो. मी मासवणचा पाटील, धंदा विक्रीचा. पदूभाऊ चिंचणीचे, घरची चिकू-नारळाची वाडी. पण माणसाने वाडी सोडून कॉम्प्युटरला पाणी घातलं. पुष्कळ वर्षांपूर्वी, सगळं जग बाहेरून डेटाबेस विकत घेत होतं तेव्हा, या गृहस्थाने स्वतःचा डेटाबेस लिहिला. एकट्याने. वेल्डिंग रॉडच्या दुकानावरच्या खोलीत. त्याचं नाव ‘चौकट’. लिहिला त्यांनी, विकला मी. मी इतका विकला की एके काळी बोईसरच्या निम्म्या गोदामांत चौकट होती आणि उरलेल्या निम्म्यांत ‘येणार आहे’ असं मी सांगून ठेवलेलं होतं.

चौकट म्हणजे कॉम्प्युटरमधलं कपाट, एवढं समजलं तरी पुरे. आडव्या ओळी, उभे रकाने, त्यांचे खण, आणि एका खणात एकच वस्तू. बोटींचा तक्ता वेगळा, माणसांचा तक्ता वेगळा, आणि कोणता माणूस कोणत्या बोटीवर हे सांगणारा तिसरा तक्ता मधे उभा, लग्न जुळवणाऱ्या मामासारखा. यात फार गंमत आहे असं पदूभाऊ म्हणतात. खरंही असेल. एका कारखान्याच्या स्टोअरकीपरने चौकट शिकल्यावर घरी जाऊन बायकोच्या मसाल्याच्या डब्यांना नंबर घातले आणि हळदीचा डबा कुठे आहे हे सांगणारा एक रिकामा डबा ठेवला. तो बरेच दिवस परक्या माणसासारखा ओटीवर जेवत होता, असं ऐकलं.

पण जग बदललं. एकेका कारखान्याने तयार सिस्टिम आणल्या आणि चौकट काढून टाकली. शेवटी मोठं असं एकच गिऱ्हाईक उरलं. किनाऱ्यावरची एक मच्छीमार सोसायटी. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या वेळी पापलेट मला महाग मिळेल.

तिथल्या चेअरमन हिराबाई. त्यांनी काठावरून हाक मारली की दर्यातल्या बोटी वायरलेस बंद करतात, कारण मग गरज राहत नाही. एक दिवस त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं की परदेशी मासळी धाडणाऱ्या त्यांच्या व्यापाऱ्याला आता माहिती वेगळ्या पद्धतीने हवी आहे. बोट, बोटीच्या आत तिची माणसं, आत तिची जाळी, प्रत्येक जाळ्याच्या आत कुठली मासळी. एकात एक घातलेलं सगळं. नारळी पौर्णिमेला बोटी दर्यात जायच्या आधी हे झालं पाहिजे, नाहीतर व्यापारी तयार सिस्टिम देतोय, ती सोसायटी घेणार.

“एकात एक?” न सोललेला वडा गिळायला सांगितल्यासारखं पदूभाऊंनी विचारलं.

“त्याला जेसॉन म्हणतात,” मी म्हणालो. “चौकटीत ते कधीचं आहे, हिराबाई.”

हे साफ खोटं होतं. पण विक्रीचा धंदा असाच असतो, आधी सांगायचं आणि मग करवून घ्यायचं. पदूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते हिराबाईंशीच भांडायला लागले.

“माणसांची ओळ वेगळीच पाहिजे, हिराबाई. खलाशी बोटीच्या पोटात लिहायचा नसतो.”

“खलाशी बोटीच्या आत नाय तर कुठं असतो? बोटीच्या मागं पोहत येतो काय?”

“तो बोटीत जातो. बोटीचा होत नाय. आज हिच्यावर, उद्या तिच्यावर.”

“उद्याचं उद्या बघू. आज आत हाय ना? मंग आत लिहा. राऊतभाऊ, तुमी असं करा, घरी जा, इचार करा. जमलं तर या, नाय तर आमी तुमाला वाईट म्हणणार नाय. पण दुसरं घेऊ.”

परतीच्या रिक्षात पदूभाऊंचा फोन वाजला. वैशाली होती. मी “देतो” म्हणून दिला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण पाठ होतं. वहिनी वारल्यापासून ती दर आठवड्याला तेच म्हणायची, बाबा, इकडे या. आणि पदूभाऊंचं उत्तरही दर आठवड्याला तेच असायचं.

“चौकट चालू हाय तोवर येणं जमायचं नाय, बाय. बंद पडली की येतो.” मग फोन माझ्याकडे देऊन म्हणाले, “पोरीच्या घरात मी म्हणजे डब्यातली डबी. वैशालीचे बाबा, जावयांचे सासरे, नातीचे आजोबा. स्वतःचा असा खण कुठला?”

तेव्हा मला कळलं की पणाला काय लागलंय. चौकट गेली तर माझं काय, मी उद्या पाण्याच्या टाक्या विकीन, परवा देव विकीन. पण पदूभाऊंना चिंचणी सोडून पुण्याला जावं लागणार होतं. त्यांना राहता यावं म्हणून काहीही करायचं, असं मी रिक्षातच ठरवलं. माझा स्वभाव उदार आहे. रिक्षाचं भाडं त्यांनी दिलं.

पुढचे काही आठवडे ऑफिसात जे झालं त्याला शब्द नाहीत, म्हणून थोडे वापरतो. पदूभाऊंनी बाजारातून एकात एक बसणारे स्टीलचे डबे आणले. ते टेबलावर मांडले. सगळ्यात मोठा उघडायचे, आतला काढायचे, तो उघडायचे, त्यातला काढायचे, मग सगळे परत घालायचे. दिवसभर. खालच्या वेल्डिंगवाल्याला वाटलं आम्ही भांड्यांचं दुकान काढलं. त्याने दोन पातेल्यांचा भाव विचारला आणि मी तो सांगितलाही.

“भाऊ, अख्खा डबा एका खणात ठेवून द्या ना,” मी सुचवलं. “आत काय आहे ते व्यापारी बघेल.”

“कोंबायला अक्कल लागत नाय, पाटला. विचारलं तर सांगता आलं पाहिजे. झाकण न उघडता.”

“झाकण न उघडता कसं कळेल?”

“पत्ता सांगून. तुझ्या घरी कोणी यायचं तर तो सगळ्या गावाची दारं उघडत येतो काय? मासवण, वरची आळी, विहिरीच्या पुढचं घर. तसं. बोट, खलाशी, तिसरा, नाव.”

मला पटलं. मला समजलेल्या आणि न समजलेल्या सगळ्या गोष्टी पटतात, त्याशिवाय विकता येत नाहीत. तरी त्या महिरपी कंसांनी भाऊंचा जीव घेतला होता. जेसॉनमध्ये प्रत्येक डबा महिरपी कंसाने उघडतो आणि महिरपी कंसानेच बंद करावा लागतो. एक बंद करायचा राहिला की सगळं सांडतं. भाऊ रस्त्याने चालताना अधूनमधून थांबून हवेत बोटाने कंस बंद करायचे. एका बाईला वाटलं दृष्ट काढतायत. तिने पदर पसरून आशीर्वाद मागितला.

आणि एक दिवस ते म्हणाले, “झालं.” एवढंच. जसं कोणी कुकरची शिट्टी झाली म्हणून सांगावं.

आम्ही सोसायटीत गेलो. पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस होते, मोठ्या बोटी वर ओढलेल्या, कोणी तळाला रंग लावतंय, कोणी लाकडाच्या भेगा बुजवतंय. ऑफिसच्या पडवीत बायका जाळी दुरुस्त करत बसल्या होत्या. आत हिराबाई, दोनचार तांडेल, म्हणजे बोटी हाकणारे, आणि दारात चहाची बशी धरून बसलेला एक खलाशी. मी कॉम्प्युटर मांडला आणि भाषण केलं. माझ्या भाषणात चौकट एवढी मोठी झाली की पदूभाऊ स्वतः तिच्याकडे आदराने बघायला लागले.

हिराबाईंनी विचारलं, “जलदेवीवरचा तिसरा खलाशी दाव.”

दाखवला. झाकण न उघडता. नाव, गाव, सगळं. तांडेल एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले. “जलदेवीच्या मोठ्या जाळ्यात काय काय हाय?” दाखवलं. सोसायटीचा कारकून तर उभाच राहिला. मी चौकटीने जिंकलेल्या लढायांची यादी सुरू करणार, एवढ्यात हिराबाई म्हणाल्या, “ती सागरकन्या आमी औंदा विकली. गुजरातेत गेली. काढ ती.”

यात काय विशेष. मी बटण दाबलं. सागरकन्या गेली.

“आता तिच्यावरची माणसं दाव.”

मी शोधलं. पुन्हा शोधलं. माणसं नव्हती.

“कुठं गेली?”

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणालो, “कुठे जाणार, बोटीबरोबर गेली.”

पडवीत जाळं विणणाऱ्या बायकांचे हात थांबले. एक म्हातारा तांडेल खिडकीबाहेर बघायला लागला. दारातला खलाशी बशी खाली ठेवून म्हणाला, “मी तर इथं हाय.”

तो सागरकन्येवरचा होता. कोणी हसलं नाही.

हिराबाईंचा आवाज पहिल्यांदाच खोलीच्या आत मावला. “पाटील, बोट लाकडाची हाय. फुटली तर परत होते. होडी काठाला लागली ना, तर आमच्या बायका मासळी नंतर बघतात. आधी एकेकाचं नाव घेऊन हाक मारतात. तो ‘ओ’ देतो, मंग पुढचं.”

आता पदूभाऊ म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? हिराबाईंना म्हणणार, तुम्हीच आत लिहा म्हणालात. मी तयारीत होतो. त्यांनी नुसतं त्या खलाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, “हिराबाई, थोडे दिस द्या.”

त्या संध्याकाळी ते घरी गेले नाहीत. खाडीतून वल्ह्याच्या लहान होड्या परतत होत्या, त्यांना बंदी नसते. भाऊ वाळूत बसून बघत होते. होडी लागली की काठावरून हाका, “दामू”, “ओ”, “काशिनाथ”, “ओ”, आणि मग टोपल्या. दुसरी होडी, पुन्हा तसंच. मी म्हणालो, “चला भाऊ, बस जाईल.” ते म्हणाले, “अजून एक होडी यायची हाय.” ती येईपर्यंत आम्ही थांबलो. बस अर्थातच गेली.

ऑफिसात परत आल्यावर त्यांनी डबे परत मांडले, आणि थोड्या दिवसांनी आम्ही पुन्हा सोसायटीत गेलो. या वेळी भाषण नको, असं मला बजावलं होतं. माझ्यासाठी ते उपोषणच.

पदूभाऊ स्वतः बोलले. “व्यापाऱ्याला एकात एक पाहिजे, तर एकात एक जाईल. बोट, बोटीत माणसं. पण माणसाची ओळ त्याची त्याला असंल. बोट काढायची म्हटली की चौकट आधी माणसं उतरवंल, मंग बोट काढंल. उतरलेली माणसं या तक्त्यात उभी राहतील.”

त्या तक्त्याचं नाव त्यांनी ‘काठ’ ठेवलं होतं.

हिराबाईंनी स्वतःच्या हाताने सागरकन्या काढली. एकेक नाव काठावर आलं. तांडेल आला, खलाशी आले, स्वयंपाक करणारा आला. बोट शेवटी गेली. तो खलाशी आज पुढे येऊन उभा होता. त्याने पडद्यावर बोट ठेवून आपलं नाव वाचलं, मग जागेवर जाऊन चहा प्यायला.

“हे ठेवा,” हिराबाई म्हणाल्या.

त्या दोन शब्दांवर चौकट वाचली. पदूभाऊंना चिंचणीतून हलवणारा माईचा लाल आता जन्मायचा होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन त्यांच्या घरी निघालो. वाटेत तीन माणसांना सांगितलं की चौकट आता जपानला चालली आहे.

वाडीत शिरलो तर भाऊ पंपाजवळ उभे. शेजारचा जगन त्यांच्यापुढे वाकून वाल्व्ह बघत होता.

“हा अर्धा फिरवायचा. पुरा फिरवला तर खालच्या नारळांना पाणी जात नाय,” भाऊ सांगत होते. मग मला बघून पंपावरची धूळ झटकायला लागले.

जगन म्हणाला, “काका पुण्याला चाललेत ना, वैशालीताईला भेटाया, म्हणून पाणी घालायचं मी घेतलंय. औंदा पावसानं दडी मारलीय, पाणी घालावंच लागतं. काकांनी सगळं समजावलं मला, किल्ली कुठं, मीटर कुठं. म्हणाले, सोसायटीचं फिसकटलं की निघायचं. फिसकटणारच हाय म्हणाले.”

मी पेढ्याचा बॉक्स हातात धरून उभा.

“आता कसलं पुणं,” पदूभाऊ म्हणाले. आवाज असा, की पंप बंद पडल्यावर पाइपातलं उरलेलं पाणी जातं ना, तसा. “चौकट राहिली. मी वैशालीला सांगून बसलोय, बंद पडली की येतो. चालू असताना कसा जाणार? नातीला पण तेच सांगितलं.” मग जगनला, “तू जा बाबा. उद्यापासून नको येऊ. माझं मी घालीन पाणी.”

जगन हात पुसायला लागला. भाऊ वाल्व्हशी उगाच खटपट करत होते. वाल्व्ह ठणठणीत होता.

मी सेल्समन माणूस. खोटं बोलायला मला तयारी लागत नाही, खरं बोलायला लागते.

“भाऊ,” मी म्हणालो, “एक सांगायचं राहूनच गेलं. पुण्याला एक गिऱ्हाईक आहे. त्याला हे एकात एकवालं बघायचंय. मी जाऊन उपयोग नाही, मी काय दिवे लावतो ते सोसायटीत बघितलंत. तुम्हालाच जावं लागेल.”

भाऊंनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. सावकाश घातला.

“वैशालीच्या घरापासून लांब पडंल काय?”

“जवळच आहे. चालत जाल.”

“काम मोठं हाय?”

“तुम्ही बघाल ते खरं.”

त्यांनी वाडीवरून एक नजर फिरवली. चिकूवर, नारळांवर, पडवीतल्या वहिनींच्या रिकाम्या झोपाळ्यावर.

“महिना तरी जाईल,” ते म्हणाले. “घाई केली की असली कामं बिघडतात.” मग वाटेपर्यंत पोचलेल्या जगनला हाक मारली, “अरे, उद्यापासून ये रे. कडेच्या चिकूला जरा जास्त सोड.”

मी मनात सगळी तयारी ठेवली होती. गिऱ्हाइकाचं नाव, कारखान्याचा पत्ता, तिथे किती माणसं, मालकाला किती मुलं, कारण पदूभाऊ नव्या गिऱ्हाइकाची वकिलासारखी उलटतपासणी घेतात आणि बारीकशी खोट निघाली तरी जायला नकार देतात. मी वाट बघत उभा राहिलो. त्यांनी पेढा खाल्ला, दुसरा घेतला, पुण्याला आता पाऊस असेल का म्हणून विचारलं.

गिऱ्हाइकाचं नाव त्यांनी विचारलं नाही.